हेड, मोगरी आणि काकूंची दोरी

इंजिन उघडून परत जोडलं की एखाददुसरा बोल्ट उरतोच. तो कुठला, हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं! आमच्या गॅरेजात अशा बोल्टांचा एक डबा भरलाय. किस्से तर त्याहून जास्त उरलेत, आणि त्यातले निम्मे एकाच कामाचे: अडकलेलं हेड काढणं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते असं चिकटतं, की सगळे बोल्ट काढले तरी हलत नाही.

मलकापुरात हे गॅरेज माझं आणि भीमराव मिस्त्रींचं. छिन्नी लावायची नाही, हा भीमरावांचा कायदा. "हेड अन् रुसलेला जावई, ओढून येत नाही. समजूत काढा लागते!"

*

समजूत काढायला लाकडी हातोडा लागतो. आमचा फुटला, तेव्हा भीमरावांनी घरून कपडे धुवायची मोगरी आणली. चारी बाजूंनी टक टक, टक टक. बेस्ट चालली! मग ती गॅरेजातच राहिली.

एके सकाळी वहिनी धुण्याचं बोचकं घेऊन दारात हजर.

"वहिनी, हे काय?"

"मोगरी इथं हाय, पाण्याचा पाइप इथं हाय, नवरा बी इथंच हाय. मंग म्या घरी काय करू?"

त्या दिवशी भीमरावांनी हेडही काढलं आणि चादरीही पिळल्या.

*

भीमराव चिखलीला लग्नाला गेले होते. राजूरचा घाट चढून बुलडाण्याच्या फेऱ्या मारणारी एक काळीपिवळी जीप ढकलत गॅरेजात आली. हेड जाम. समजूत काढायचा मला कंटाळा आला. हेडला साखळी बांधली, छताला टांगलेली चेनपुली ओढली. साखळी करकरली, आणि हेडऐवजी अख्ख्या जीपचं नाक वर उचललं गेलं! ग्रीसखाली दडलेला एक बोल्ट काढायचा राहिला होता.

इतक्यात मागच्या सीटवरून आवाज आला. स्टँडवरच जीपमध्ये बसून झोपी गेलेले एक आजोबा उठून विचारत होते, "राजूरचा घाट लागला काय बे?"

*

एका सरांच्या गाडीचंही हेड अडकलं होतं. भीमरावांनी त्यांना फोनवर सांगितलं, "प्लगच्या भोकातून तेल सोडून ठेवा, मी सकाळी येतो." सर शिस्तीचे. त्यांनी स्वयंपाकघरातलं फल्लीतेल, म्हणजे शेंगदाण्याचं, ओतलं.

हेड निघालं बरं का! पण इंजिन जोडून चालू केलं, तर गल्लीभर खमंग धूर. शेजारीण भिंतीवरून डोकावली, "सर, भजे झाले असतीन तं दोन आमच्याकडं बी पाठवा!"

*

पण प्रभाकरकाकांच्या गाडीची गोष्टच वेगळी.

काका निवृत्त ग्रामसेवक. त्यांची जुनी पेट्रोल कार अंगणात कित्येक वर्षं उभी. पूर्वी काका तिच्यातून काकूंना माहेरी न्यायचे; आता ती चालायची नाही, तरी दर रविवारी काच पुसायचे. काकूंना मात्र तिथे कुरडया वाळवायला जागा हवी होती. काकांनी अडकलेलं हेड काढायला बोलावलं, आणि आम्ही पोचलो तेव्हा भंगारवाला ओट्यावर चहा पीत बसलेला.

काकूंनी सरळ सांगितलं, "आज दिवस बुडाच्या आत ते टोपण निघालं तं गाडी ठेवा. नाही तं हा भंगारवाला बसेल हाय इथं."

मोगरी झाली, तेल झालं. हेड ढिम्म! शेवटचा एकच उपाय उरला: प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. पिस्टन वर येतो, दोरी दाबली जाते आणि हेड खालून उचललं जातं. पण आमच्याकडे होती नायलॉनची, जाड आणि ताठ; भोकात शिरेना. ऊन उतरलं होतं. काका फडकं घेऊन परत काच पुसायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकू दारातून बघत होत्या. त्या अंगणात आल्या, वाळलेले कपडे भंगारवाल्याच्या खांद्यावर टाकले आणि कपड्यांची दोरी सोडून भीमरावांच्या हातात दिली.

"घ्या. सुताची हाय."

भीमरावांनी दोरी आत सरकवली, पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. कर्र... कर्र... टक्! हेड अलगद सुटलं. भीमरावांनी ते उचलून गोणपाटावर ठेवलं. काकांचे डोळे भरून आले. मलाही फार बरं वाटलं.

"काकू, तुमच्या दोरीनं काम केलं!" भीमराव ओरडले. पण काकू अंगणात नव्हत्याच.

थोड्या वेळाने त्या घरातून बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. गाडीचं पुढचं दार उघडून त्या सीटवर बसल्या.

"अवं, कुठं निघाली?" काकांनी विचारलं.

"पिंपळगाव राजाले. माहेरी."

"अवं, पण इंजिनाचं टोपण खाली पडेल हाय!"

काकूंनी पिशवी मांडीवर घेतली आणि दार ओढून घेतलं.

"मंग लावा ते. मी काही उतरत नाही आता."