वन्सं, जोरात ओढा

नणंद-भावजयीचं गोडीगुलाबीत चालतं असं कुणी सांगितलं, तर मी त्याला आधी बसायला देतो, पाणी देतो आणि मग विचारतो, कुठं पाहिलंस बाबा? आमच्या लाँड्रीत तरी तसलं काही नव्हतं. मी तिथे रफूच्या खोलीत बसायचो. फाटलेलं सांधणं ही नोकरी आणि खिडकीतून घड्यांच्या टेबलाकडे कान लावणं हा खरा धंदा.

हॉटेलांच्या मोठ्या डबल चादरी आमच्याकडे यायच्या. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर आली की दोघींनी समोरासमोर उभं राहून कोपरे धरायचे, मागे सरायचं, सणसणीत झटका द्यायचा आणि मग चालत एकमेकींकडे यायचं. दोघींची ओढ सारखी पडली तरच घडी ताठ बसते. त्या टेबलावर कायम एकच जोडी, वहिनी आणि तिची नणंद. नणंद दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ म्हणून ठणाणा करायची, म्हणून ती आम्हा सगळ्यांचीच वहिनी झाली.

“वन्सं, चादर धरलीय की मांजराचं शेपूट?”

“तू तुझा कोपरा सांभाळ. माहेरून काही शिकून आली असतीस तर एवढं बोलावं लागलं नसतं.”

“माहेरी चादरीच होत्या हो. गोधडी पहिल्यांदा तुमच्याकडे येऊन पाहिली.”

या तालावर चादरी अशा पडायच्या की कागदाची थप्पी वाटावी.

मग नणंदेच्या किडन्या निकामी झाल्या. पाय सुजले, चेहरा उतरला, मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायच्या खेपा सुरू झाल्या. “लाँड्रीतली बाईच धुवायला पडली,” असं तीच म्हणायची. भाऊ किडनी द्यायला निघाला तर त्याला साखर निघाली. घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, तेव्हा वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, “माझी तपासा की. दोन-दोन घेऊन मला कुठे मिरवायचंय?”

जुळली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नणंद म्हणाली, “तुझी किडनी आत जाऊनसुद्धा माझ्याशी भांडणार बघ.”

पुढची गंमत ऐका. आजारी होती ती टवटवीत झाली आणि धडधाकट गेली ती वाकून बाहेर आली. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, पण भेटायला येणाऱ्यांना कोण सांगणार? फळांच्या पिशव्या वहिनीच्या खाटेवरून पुढे नणंदेकडे जायच्या. वहिनीला खोकला आला की पोटाशी उशी, हसू आलं तरी उशी. घरी जिना चढताना तिला दम लागायचा, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. नवरा तर पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. हळूहळू उशी सुटली, पण हसताना डावा हात कुशीवर ठेवायची खोड राहिली.

कामावर आली तेव्हा मुकादमबाईंनी तिला नॅपकिनच्या घड्या घालायच्या स्टुलावर बसवलं. हे स्टूल म्हणजे आमच्याकडची पेन्शन, एकदा बसलं माणूस की उठत नाही. डॉक्टरांनी वजन उचलायची परवानगी दिली तरी मुकादमबाई ऐकेनात.

“मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात बाई. दीड नाही.”

बाई मनाची वाईट नव्हती, जिभेला हाड नव्हतं एवढंच. पण ते दीड वहिनीला फार लागलं. ती म्हणाली, “वन्सं परत येऊ देत. आम्हांला एक गाडीभर चादरी द्या. नाही जमल्या तर मी मुकाट्याने स्टूल धरते.”

काही महिन्यांनी नणंद आली. औषधांनी चेहरा गोल झालेला, गालांवर लाली. जीभ मात्र दवाखान्यातच विसरून आलेली.

“वहिनी, तुम्ही दमला असाल. बसता का जरा?”

तुम्ही! सुई माझ्या अंगठ्यात जाता जाता राहिली.

गाडी आली. नणंदेने चादर धरली ती बाळंतिणीने तान्हं धरावं तशी. झटका नाही, ओढ नाही. घड्या पोकळ पडायला लागल्या आणि थप्पी एका अंगाला कलली. मुकादमबाईंनी थप्पीवर तळवा ठेवून पाहिला. “जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघते. मग स्टूल आहेच.”

वहिनीने डिवचून पाहिलं. “सासूबाई म्हणायच्याच, वन्संच्या हातात जीव नाही.”

“खरंच आहे वहिनी,” नणंद म्हणाली.

वहिनीचा चेहराच उतरला. “वन्सं, तुम्ही मला या टेबलावरून उठवणार.”

नणंदेचे डोळे भरून आले. “कुशीला ताण बसला तर? माझ्यापायी चिरलंय ते.”

“चिरलं होतं. शिवलं, भरलं. त्या म्हाताऱ्याला विचारा, रफूची जागा पहिल्यापेक्षा घट्ट होते की नाही.”

मी खिडकीतून जोरात मान डोलावली. खरं तर रफूचं तसं काही नसतं. पण दोन बायकांच्या मध्ये खरं बोलण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

वहिनीने कोपरे मुठीत आवळले, मागे सरली आणि असा हिसडा दिला की नणंद पुढे खेचली गेली, तोल सावरायला मागे रेलली तोच चादर हातून सुटली आणि ती मागच्या धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगात बसली. रोलरवरच्या बायकासुद्धा थांबल्या. ढिगातून आधी एक हात वर आला, मग तोंड.

“अगं भवाने, माणूस आहेस का रेडा? बरं झालं किडनीच दिलीस. अक्कल द्यायला गेली असतीस तर तुझ्याकडे काय उरलं असतं?”

“आलात एकदाच्या,” वहिनी म्हणाली. “उठा आता, आणि ओढा.”

नणंद उठली, पदर खोचला आणि जी ओढली म्हणता! पुढची चादर फाडकन वाजली, त्याच्या पुढची त्याहून मोठ्याने. मध्येच माहेर निघालं, गोधडी निघाली, सासूबाईही निघाल्या. सुट्टीच्या आधी गाडी रिकामी झाली आणि थप्पी भिंतीसारखी उभी राहिली.

मुकादमबाईंनी तळवा ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. मग म्हणाल्या, “जरा हळू. चादरी हॉटेलच्या आहेत, तुमच्या सासूच्या नाहीत.”

वहिनी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, पण शेवटच्या चादरीचे कोपरे काही सोडले नाहीत. दोन्ही हात तिथेच होते.