लाल टॅग, निळा टॅग

पुण्यात समुद्र नाही, हे वर्ध्याहून येताना मला ठाऊक होतं. तरी प्रवाळावर पीएचडी करायला मी इथे आले, कारण गाईड मॅडम इथे होत्या. लॅबमध्ये एक मोठी काचेची टाकी होती. मीठ विरघळवून केलेलं समुद्राचं पाणी, ते गार ठेवणारं यंत्र आणि आत प्रवाळाचे तुकडे. अर्ध्यांना लाल टॅग, अर्ध्यांना निळा. "ही दोन वेगवेगळी प्रवाळं आहेत," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मी कशाला शंका घेऊ?

प्रवाळ बिचारं जागचं हलत नाही. वर्षातून एकदा, पौर्णिमेच्या आसपास, अंधार पडला की अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडून देतं. पुढचं नशीब. लालचे शुक्राणू निळ्याच्या अंड्यांना भेटून फलन झालं की माझा शेवटचा चॅप्टर पूर्ण होणार होता. नाही झालं तर फेलोशिप संपत होती, आणि आईने फोनवर बजावून ठेवलं होतं, "यंदा नाही झालं तर गुमान घरी ये. पोरगा पाहून ठेवला हाये. काय पाहून रायली वं त्या पाण्यात, बाप्पा!"

रात्री-अपरात्री थांबायला नको म्हणून टाकीवर काळं कापड टाकून आम्ही दुपारीच अंधार करायचो. चंद्राच्या जागी एक निळा बल्ब. ऐन वेळी तो उडाला. मी स्कूटर काढली आणि कर्वेनगरहून थेट बुधवार पेठेतलं विजेच्या सामानाचं दुकान गाठलं.

"जरा चांगला द्या हो, टाकीतला चंद्र आहे," मी म्हटलं.

"चंद्राची वॉरंटी नसते," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पण चंद्र टिकला. एका दुपारी प्रवाळातून अंडी-शुक्राणूंच्या मोहरीएवढ्या गुलाबी गोळ्या सुटल्या आणि पाण्यावर तरंगायला लागल्या. अगं आई गं! मी एकटीच लॅबमध्ये नाचले. लाल आणि निळे तुकडे आधीच वेगळ्या भांड्यांत काढले होते. अंडी गाळून, धुऊन घेतली, लालच्या अंड्यांवर निळ्याचे शुक्राणू ओतले, निळ्याच्या अंड्यांवर लालचे. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. फलन झालं की अंडं दुभंगतं. संध्याकाळ झाली, मान आखडली. अंडी होती तशीच गोल.

मॅडम पर्स घेऊन घरी निघाल्या होत्या. दारातूनच विचारलं, "किती?"

"एकही नाही."

"छान."

मला वाटलं, त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"अगं, होईलच कसं? सगळे एकाच प्रवाळाचे तुकडे आहेत. मीच फोडून चिकटवलेत. स्वतःचं स्वतःशी फलन होत नाही, एवढंच दाखवायचं होतं."

"मग टॅग?"

"ते तुझ्यासाठी. खरं सांगितलं असतं तर इतकी जीव तोडून राबली असतीस का?"

मग कळलं, किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात दुसऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी खरोखरची दोन वेगळी प्रवाळं दिली होती. त्याच्या बशीत फलित अंड्यांतून निघालेल्या अळ्या पोहत होत्या. पेपर त्याच्या नावाने जाणार होता. शेजारी तुलनेला माझं शून्य.

"आणि माझा चॅप्टर?"

"शून्यावर कुठे चॅप्टर होतो? आभारात नाव घालते की तुझं." त्यांनी चपला घातल्या. "जाताना टाकीचं पाणी बदलून जा."

मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. गार करणाऱ्या यंत्राचा प्लग हाताशी होता. बाहेर मे महिना. नुसता ओढला असता तर दोन दिवसांत सगळं प्रवाळ मरून पांढरंफटक पडलं असतं. किती तरी वेळ मी प्लगवर हात ठेवून उभी राहिले.

मग पाणी बदललं. हात पुसले आणि आईला फोन लावला.

"तो पोरगा काय करते वं?" मी विचारलं.