फौजीणीचा माळ

नांदगावच्या बाजूला बोरमाळ नावाचं एक गाव आहे. तिथं गुलजारबीला तिच्या नावानं ओळखणारी माणसं आता फार थोडी उरली. बाकी सगळ्या गावाला ती फौजीण. तिचा नवरा इसाक फौजेत होता आणि एकाहत्तरच्या लढाईत गेला, एवढ्यावरून हे नाव पडलं. बाजरीवरच्या पाखरांना गोफण मारण्यापलीकडे या बाईनं आयुष्यात कसली लढाई केली नाही, असं गावाला वाटतं. गावाला बऱ्याच गोष्टी सोयीच्या तेवढ्याच वाटतात.

इसाक गेल्याची तार आली तेव्हा गुलजारबी वीस वर्षांची होती आणि नौशाद पोटात होता. मागाहून एक ट्रंक आली. ट्रंकेत गणवेश होता, दाढीचं सामान होतं, लोकरीचा मफलर होता. माणूस आला नाही. सरहद्दीवर जिथं पडला तिथंच कुठंतरी मातीला दिला, असं ट्रंक आणणाऱ्या जवानानं सांगितलं. कुठंतरी म्हणजे कुठं, हे तिनं पुढं बऱ्याच साहेबांना विचारलं. साहेब लोक सहानुभूतीनं मान हलवायचे आणि चहा मागवायचे.

दोन-तीन वर्षांनी सरकारनं तिला पाच एकर जमीन दिली. माणूस घेतला आणि माळ दिला. माळही असा, की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. पण मोजणी अगदी चोख झाली. तलाठ्यानं साखळी ओढली, चारी कोपऱ्यांना दगड रोवले आणि शर्ती वाचून दाखवल्या. जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, स्वतः कसायची. पडीक ठेवली तर सरकार परत घेईल. मांडीवर नौशाद रडत होता. तिनं सगळ्याला हो म्हटलं आणि अंगठा दिला.

पहिल्या वर्षी नांगरटीला केरूची बैलजोडी सांगितली होती. केरू मितभाषी गडी, बैलांशी जास्त बोलायचा आणि माणसांशी कमी. त्यानं दिवसभर माळ फोडला. संध्याकाळी रस्त्याच्या अंगाला बोरींची रांग होती तिथं आला आणि एकदम बैल सोडले.

"एवढं राह्यलं की," गुलजारबी म्हणाली.

"इथं नांगर घालत नसत्यात, भाभी."

"का?"

केरूनं जू खांद्यावर घेतलं आणि बैलांमागून निघून गेला. गुलजारबीला राग आला. मजुरी पुरी घेतो आणि पाऊण एकर तसाच टाकतो, म्हणून तिनं मनातल्या मनात त्याचा चांगला उद्धार केला.

आठवड्याभरानं ती सकाळी शेतावर गेली, तर बोरीखाली केरूची बायको सिंधू बसलेली दिसली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. शेजारी गवत कापायचा विळा होता, पण गवत कापलेलं नव्हतं. पदर बाजूला सारून ती आपला पान्हा मातीवर पिळत होती. एका पसाभर दगडाभोवतीची माती ओली झाली होती. गुलजारबी जागच्या जागी उभी राहिली आणि तिला केरूचे बैल का सुटले ते कळलं.

दात न आलेलं मूल गेलं की त्याला जाळत नाहीत, पुरतात. बोरमाळची अशी सगळी मुलं त्या बोरींखाली होती. पुरायला बाप्ये जायचे. आईला नेत नसत, जागाही सांगत नसत. पण आया शोधून काढायच्या. गवताच्या, सरपणाच्या निमित्तानं यायच्या आणि नव्या मातीवरून ओळखायच्या.

"बोलू नको कुणाला, भाभी," सिंधू म्हणाली. "हे दुसरं गेलं. माझ्या पोटाला नावं ठिवत्यात. इथं येते म्हणून कळलं तर सासू घरात घ्यायची नाय."

"नाही बोलणार."

"पोराची शपथ घे."

गुलजारबीनं नौशादची शपथ घेतली. मग तिच्याजवळ बसून तिनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तेव्हापासून त्या तुकड्यात नांगर गेला नाही, कुळव गेला नाही. दुसऱ्याची गुरं आली तर गुलजारबी काठी घेऊन धावायची. बाया यायच्या, कोणी मंगलाबाई, कोणी ठमाबाई, कोणी नवी सून. ही लांब बांधावर पाठ फिरवून बसायची आणि त्या उठून जाईपर्यंत वळून बघायची नाही. स्वतःच्या नवऱ्याची माती जिला कोणी दाखवली नव्हती, तिला दुसऱ्याच्या मातीवर औत धरवेना. तलाठी पिकं लिहायला आला की त्या तुकड्यापुढं ‘पड’ असं लिहायचा. तिनं कारण सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

उरलेल्या सव्वाचार एकरांत तिनं बाजरी केली, मूग केला, कुळीथ केला. नौशादला शिकवलं. तो नाशिकला गेला, तिथल्या द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान टाकलं, लग्न केलं, पोरंबाळं झाली. अम्मीला चल म्हणून म्हणून थकला. ती म्हणायची, शर्त आहे बेटा, स्वतः कसायची. सरकारपुढं खोटं पडायचं नाही, हे तिनं इसाकच्या नावानं धरून ठेवलं होतं. वेडीच म्हणा. सरकारशी एवढं इमान राखणारी माणसं सरकारलासुद्धा परवडत नाहीत.

सिंधूचं तिसरं मूल जगलं. सिंधूची सिंधुबाई झाली. केरू गेला, पुढं मुलगाही गेला आणि घर नातवाच्या हाती आलं. नातू शेखर पोरगा हुशार, बोलायला गोड, पंचायतीत सदस्य. पाया पडताना खाली वाकायचा आणि वाकता वाकता जमीन किती आहे ते बघून घ्यायचा. बोरींपुढचा रस्ता रुंद झाला, डांबरी झाला, ट्रका धावू लागल्या. त्या पाऊण एकराकडे पन्नास वर्षं कोणी वळून बघितलं नव्हतं, आता येणारा जाणारा बघू लागला. शेखरच्या डोक्यात तिथं दुकानांचे गाळे उभे राहिले.

मग गुलजारबीला नोटीस आली. जमिनीचा भाग सतत पडीक, शर्तीचा भंग, जमीन सरकारजमा का करू नये. खाली पाहणीची तारीख होती. तक्रार कोणी केली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेखरच तिला चहाच्या टपरीसमोर भेटला तेव्हा म्हणाला, "आजी, माझं वैर नाय तुमच्याशी. गावाचा विकास हाय."

नौशाद धावत आला. त्यानं सरळ उपाय काढला. "अम्मी, उद्या ट्रॅक्टर लावतो. दोन फेऱ्या मारल्या की झालं. साहेब यायच्या आत नांगरलेली जमीन दिसेल."

"ट्रॅक्टर आणलास तर आधी माझ्यावरून ने."

असं बोलल्यावर नौशाद काय करणार? डोकं धरून बसला.

पाहणीच्या आदल्या दिवशी ती सिंधुबाईकडे गेली. शेखरची बायको स्नेहल गरोदर होती, ती ओट्यावर भाजी निवडत होती. तिला आत पाठवून गुलजारबी म्हणाली, "सिंधू, तुझी शपथ मी मोडली नाही. मोडणारही नाही. पण तू स्वतः बोल. तिथं पोरं हायेत, एवढंच सांग साहेबाला. दुसरं काय नको."

सिंधुबाईनं तिचे दोन्ही हात धरले. "येते, भाभी. माझी बी दोन हायेत ना तिथं."

गुलजारबी घरी येऊन पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी महसूल खात्याचे सर्कल साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यानं बोरीच्या सावलीत उभं राहून नीट विचारलं, "आजी, एवढा तुकडा का ठेवलात? काही कारण असेल तर सांगा, मी तसं लिहितो."

"तिथं गावाची लहान पोरं पुरलीत, साहेब."

"कोणाची? नावं सांगा."

सगळी नावं तिच्या ओठांवर होती. समोर चार पंच उभे होते. त्यांतल्या दोघांच्या बहिणी तिथंच, त्या मातीत होत्या, आणि आया कुठल्या दगडापाशी बसायच्या हे गुलजारबीला तोंडपाठ होतं. पण शपथ नौशादची होती. ती म्हणाली, "मी नावं घ्यायची नाहीत, साहेब. ज्याची हायेत त्यानं सांगावं."

पंच जमिनीकडे बघू लागले. गाळ्यांत एकेक गाळा त्यांनाही मिळायचा होता. मशानाच्या जागेवर गाळा कोण बांधू देईल, आणि तिथं गिऱ्हाईक तरी कोण येईल?

"खणून दाखवा मग," शेखर म्हणाला.

गुलजारबी त्याच्याकडे वळली. "कुदळ लावायची असती तर तुझ्या बापाच्या जन्माआधी लावली असती रे."

तेवढं बोलून तिनं सिंधुबाईकडे पाहिलं. सिंधुबाईला शेखरनंच मोटारसायकलवर मागं बसवून आणलं होतं. साहेबानं तिला विचारलं, "आजी, तुम्ही जुन्या. तुम्हाला माहीत आहे का काही?"

सिंधुबाईनं नातवाकडे बघितलं. शेखर तिचा चष्मा आपल्या शर्टाला पुसत होता. पुसून झाला, त्यानं तो तिच्या हातात दिला. या वयात तिला दुसरं घर नव्हतं.

"मला काय ठाव नाय, साहेब," सिंधुबाई म्हणाली. "इथं तर नुसत्या बोरी हायेत."

साहेबानं लिहून घेतलं. घरी चालत जाताना गुलजारबीला वाटेत दोनदा बसावं लागलं.

काही महिन्यांत सगळी जमीन सरकारजमा झाली. रस्त्याकडचा तुकडा पंचायतीनं मागून घेतला. नौशादनं अपील करू म्हटलं, वकील पाहू म्हटलं, पण साक्षीला कोण उभं राहणार, हे त्याच्यापाशी नव्हतं. इसाकच्या बदल्यात मिळालेली जमीन इसाकसारखीच गेली. फरक एवढाच, की या वेळी तार आली नाही.

नौशाद तिला न्यायला टेम्पो घेऊन आला, त्याच दिवशी बोरींवर जेसीबी चालला. आवाज घरापर्यंत येत होता. भांडी चढली, खाट चढली, फौजेची ती ट्रंक चढली. गुलजारबी पुढं बसायला निघाली आणि दारात सिंधुबाई उभी. पदराखाली दुधाची वाटी होती. धापा टाकत आली होती, पायात चप्पल नव्हती.

"भाभी, माझी कोणती गं? त्यांनी समदं उकरलं. मला काय सुधरंना. तुला तर ठाव हाय."

गुलजारबीच्या जिभेवर शब्द तयार होते. मला काय ठाव नाय. त्या दिवसापासून हे वाक्य तिनं जपून ठेवलं होतं, राखेखाली निखारा ठेवावा तसं. ते बोलायचा दिवस आपणहून चालत दारात आला होता. बोलावं, असं तिला फार वाटलं. या बाईनं आपल्या पोटच्या पोरांना नाकारलं आणि आता त्यांना दूध पाजायला आली.

नौशाद म्हणाला, "अम्मी, बस गाडीत. उशीर होतोय."

गुलजारबी दाराची पायरी उतरली. तिनं सिंधुबाईचा हात धरला आणि दोघी माळाकडे चालू लागल्या. नौशाद चिडत चिडत मागं आला.

बोरी मुळासकट उपटून एका बाजूला लोटल्या होत्या. दगडांचा ढीग झाला होता, त्यात डोक्याएवढे होते आणि पसाभरही होते. जमीन खळ्यासारखी सपाट केली होती. गुलजारबी मधोमध उभी राहिली. कुठं मंगलाबाईची, कुठं ठमाबाईची, कुठं सिंधूची. पन्नास वर्षं डोळे मिटून सांगता येत होतं, ते आता डोळे उघडून कळेना. खूण म्हणून काहीच राहिलं नव्हतं. रस्ता कोणत्या बाजूला आहे एवढंच तिला समजत होतं.

ती दहा-बारा पावलं चालली. थांबली. मग पायानं माती सारखी करून म्हणाली, "इथं. ही बघ. दोन्ही इथंच, शेजारी शेजारी."

"हीच का?"

"हीच. मी विसरेन का?"

सिंधुबाई खाली बसली. वाटी ओतली. दाबलेली जमीन दूध पिईना, ते जेसीबीच्या चाकोरीतून वाहत गेलं. सिंधुबाईनं ते हातानं अडवून धरलं आणि हुंदके देऊ लागली. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं आणि तो खाली उतरून दुसरीकडे बघत उभा राहिला. गुलजारबीनं सवयीप्रमाणे पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

टेम्पो चांदवडच्या पुढं आला. नौशादला राहवेना. "अम्मी, जागा तीच होती ना?"

"नाही."

"मग खोटी कशाला दाखवलीस? तिनं तुझ्याशी काय केलं ते विसरलीस?"

गुलजारबीनं मागं वळून ट्रंक नीट बांधली आहे ना ते पाहिलं.

"नाही विसरले," ती म्हणाली. "पण तुझ्या अब्बांची मला कोणी खोटीसुद्धा दाखवली नाही."