करीमभाऊंचं पोट

दिवाळीच्या तोंडावर मूल गावाहून करीमभाऊंच्या बायकोचा, नसरीन वहिनींचा फोन आला. मला वाटलं, तालमीचं विचारत असतील. "शकू, तुझे भाऊ गेले... मशीनवर बसल्याबसल्याच," एवढंच म्हणाल्या. हृदयानं दगा दिला होता. आता झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन रंगात आलाय, आणि मी अजून विंगेत उभी राहून एंट्रीआधीच्या त्यांच्या खोकल्याची वाट पाहते.

स्टेजवर आम्ही नवरा-बायको, खाली उतरलो की करीमभाऊ आणि शकू. एरवी ते मूलच्या बाजारात शिलाईकाम करायचे आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेतल्या नाटकांत, लोकांना हसवायचे. आधी त्यांचं पोट स्टेजवर यायचं, मागून ते. तेवढ्यावरच पहिली टाळी. पण पुढे गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, प्रवेश संपला की मागे येऊन धापा टाकत बसायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलं, दुर्बिणीतून. अडचण जुन्या व्रणाची होती. तरुणपणी आतडं फुटलं तेव्हा त्यांचं पोट छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत उघडलं होतं. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असेल, दुर्बिणीतून जमलं नाही तर पुन्हा उघडावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे पुन्हा कित्येक महिने खाटेवर. पहिल्या वेळी त्यापायी अख्खा सीझन बुडाला होता.

वहिनींसोबत मीही गेले होते. परतीच्या बसमध्ये भाऊ सदऱ्याची शिवण चाचपत बसले. मग म्हणाले, "अस्तर कापडाले चिकटलं का उसवाले लय जड जाते वं शकू..." आणि थोड्या वेळानं, "अन् पोटच गेलं तं लोकं कायले हसतील?" खरी भीती ही होती! मी चिडलेच. "अन् तुमीच गेले तं कोणाले हसवसान, भाऊ?" वहिनी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. ठरल्यापेक्षा खूप लांबलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, चिकटलेलं सोडवण्यातच वेळ गेला, पण दुर्बिणीतूनच झालं. तिथेच बाकावर बसून मी ढसाढसा रडले.

भाऊंचं जेवण वाटीभर झालं. दौऱ्यावर वांग्याची भाजी दोन घास खायचे आणि उरलेली माझ्या ताटात. "खाय वं, तू तं वाळून राह्यली." मी आणि वाळले!

त्या सीझनच्या पहिल्या प्रयोगाला भाऊ स्टेजवर आले आणि मंडप गप्प. मागून कोणी ओरडलं, "करीमभाऊ कुठी हाय?" भाऊंनी प्रयोग रेटून नेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापूस भरून पोट शिवलं, मागे बांधायला नाड्या लावल्या. लोक हसले, पण भाऊंना ते ओझं परत अंगावर घेणं जिवावर यायचं. मला बघवेना. एका प्रयोगात भांडणाच्या प्रवेशात मी पाठीमागून नाडी ओढली. पोट माझ्या हातात! "ठेवा इथी. दिवसभर वागवून थकले असान," मी म्हणाले. भाऊ क्षणभर गोंधळले, मग रिकाम्या पोटावर हात फिरवला आणि नाचायलाच लागले. इतक्या वर्षांत त्यांचे पाय कधी तसे उचलले नव्हते. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी.

मग ते रोजचंच झालं. माझ्या उजव्या हाताला सापडेल अशी सरकगाठ ते स्वतः मारायचे. "ओढताना लाजू नको, बायको हायस," म्हणायचे.

वहिनींनी ते पोट माझ्याकडे दिलंय. भाऊंच्या जागी आलेल्या नव्या गड्याला देवानंच भरपूर पोट दिलंय, त्याला याचं काम नाही. ट्रंकेत साड्यांवर ठेवलंय. तालमीसाठी भाऊंनी आधीच गाठ मारून ठेवली होती, उजव्या हाताला सापडेल अशी. एका झटक्यात सुटेल. ट्रंकेतून साडी काढताना मी नाड्या जपून बाजूला करते... ओढत नाही.