रुपयाला चार शेर

कोपरा फाडलेलं कार्ड आलं तेव्हा मी शहापुरात आमच्या ओटीवर दाढी करत बसलो होतो. कार्डावर चारच ओळी. म्हादू मास्तर गेला, तीन दिवस तापाने फणफणला होता, मुरबाडच्या डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही, येऊन जाणे. त्याच्या बायकोने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं दिसत होतं. असं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून लगेच फाडून टाकतात. मी फाडलं नाही, हातात धरून तसाच बसलो. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा दुःख झालं नाही. राग आला. माझ्यावर आला, आणि म्हादूवरही. मला त्याच्याशी एक गोष्ट बोलायची होती, पाच वर्षं बोलायची होती, आणि हा माणूस ती न ऐकताच निघून गेला…

महिन्याभराने मुरबाडला शाळेत शोकसभा झाली. तिथे तर माझं डोकंच फिरलं. एकामागून एक वक्ते उठत होते आणि सांगत होते, मास्तर किती शांत, किती मितभाषी, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. धादांत खोटं! सातवीच्या परीक्षेला आम्ही एका बाकावर बसलो तेव्हापासून मी त्याला ओळखतो. म्हादूइतका भांडखोर माणूस दोन्ही तालुक्यांत नव्हता. तो शेवटची पाच वर्षं गप्प होता हे खरं. पण तो गप्प का झाला, हे त्या सभेत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला माहीत होतं, आणि मी मागच्या बाकावर बसून गूळ-पाणी घेऊन परत आलो.

म्हादू शाळामास्तर होता, पण शाळेखेरीज त्याच्याकडे आणखी एक काम होतं. मुरबाडच्या आठवडा बाजारातले भाव टिपायचे आणि छापील तक्त्यात भरून सरकारी कचेरीत पाठवायचे. तांदूळ, नाचणी, वरी, तूरडाळ, मीठ, गूळ, गोडं तेल, रॉकेल. हे काम बाकीचे लोक कसं करत ते मला ठाऊक आहे, कारण ज्या कचेरीत हे तक्ते येत तिथेच मी कारकून होतो. मागच्या आठवड्याचा आकडा उतरवायचा, फार तर एखाद्या दुकानदाराला रस्त्यात विचारायचं, झालं. म्हादू तसला नव्हता. तो दुकानापुढे उभा राहून म्हणायचा, "मला भाव सांगू नका, शेरभर द्या." तोंडी सांगितलेल्या भावावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. खरोखर रुपया मोडून माल घ्यायचा, घरी आणून आपल्या मापाने पुन्हा मोजायचा, आणि मगच आकडा लिहायचा. दुकानदाराने मापावर शीग, म्हणजे वरचा ढीग, दिली की हाताने सपाट केलं, हेसुद्धा तो शेवटच्या रकान्यात लिहायचा. भाव तोच, पण शीग बंद, म्हणजे भाव वाढला, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको वैतागून जायची. घरात दहा मडक्यांत दहा दुकानांचे तांदूळ, आणि हा हुकूम सोडायचा, "एकत्र करू नको गो, अजून मोजायचेत!"

त्या काळी भाव लिहायची आमच्याकडे एकच रीत होती. मणाला किती रुपये असं नाही, रुपयाला किती शेर असं लिहायचं. बाजारातही तसंच बोलत. मंदीच्या वर्षांत तो आकडा चढत गेला. दहा शेर, बारा शेर, एकदा तर चौदा. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेलो, ठरलेला पगार हातात, आणि मी खूश. एकदा आटगावच्या स्टेशनावर म्हादू भेटला तेव्हा मी म्हटलं, "काय रे, चैन आहे! रुपयात घर भरतंय." तो असा काही भडकला की गाडीची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. "चैन तुझी, पगारवाल्याची! तांदूळ पिकवणाऱ्याला विचार. मिठाचा भाव उतरला काय? लुगड्याचा उतरला काय? चौदा शेर दिले तवा बाईला एक रुपया भेटतो, नि त्यात तिचा लुगडा येत नाय." मी हसण्यावारी नेलं. पण त्या आठवड्याचा त्याचा तक्ता आला त्यात तांदळाच्या आकड्यापुढे त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, स्वस्ताई नव्हे. हेडक्लार्कने ते शब्द खोडले आणि आकडा तेवढा पुढे पाठवला.

मग लढाई आली आणि सगळं उलटं फिरलं. ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला. रुपयाला आठ शेर, साडेसहा, पाच. रॉकेलचा तर बाजारात वासही येईना. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर नाचणी-वरी माघातच संपली होती, आणि तिथली माणसं घरदार उचलून तानशाकडे, मुंबईकडे कामाला निघायच्या बेतात होती. त्याच वेळी सरकारने ठरवलं की जिथे भाव फार चढलेत तिथे स्वस्त धान्याचं दुकान उघडायचं. कुठे चढलेत हे बघायचं तक्त्यांवरून. म्हादूला हे कळलं तेव्हा त्याच्या अंगात वारं शिरलं. दहा वर्षं टिपलेल्या आकड्यांचा आता कुठे उपयोग होणार होता. तो वाडीवाडीवर गेला आणि आपल्या तोंडाने सांगून आला, "गाव सोडू नका. मृगाच्या आधी दुकान येताय. माजा शब्द." पावसात नदी फुगली की त्या वाड्यांचा रस्ता तुटतो, आत कुणी जात नाही, बाहेर कुणी येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माणसं थांबली, कारण मास्तरने शब्द दिला होता.

आमच्या कचेरीत तेव्हा धान्यपुरवठ्यासाठी नवा साहेब आला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, कचेरीचं गावही लिहीत नाही. तो मोठ्या शहरात वाढलेला, पोत्याला किती रुपये ही भाषा जाणणारा. रुपयाला शेर ही रीत त्याने जन्मात ऐकली नसावी. त्याने म्हादूचे तक्ते पुढे ओढले. पौषात आठ, माघात साडेसहा, फाल्गुनात पाच, चैत्रात चार. आकडा उतरतोय म्हणजे भाव उतरतोय, असं त्या शहाण्याने धरलं! शेरा मारला की या भागात भाव दर महिन्याला उतरत आहेत, दुकानाची गरज दिसत नाही. तो शेरा साफ प्रतीत उतरवायला माझ्याकडे आला. वाचून मला आधी हसू आलं. हो, हसू आलं, तेही सांगतो. मग तो कागद उचलला. मी हेडक्लार्कच्या टेबलाशी गेलो. तो कागदावरून मानही वर न करता म्हणाला, "साहेबाला शिकवायला जाऊ नकोस. तुझा कायम होण्याचा कागद त्याच्याच टेबलावर आहे." मी जागेवर येऊन बसलो आणि ती प्रत स्वच्छ अक्षरात लिहून काढली.

दुकान मंजूर झालेल्या गावांची यादी निघाली, त्यात वाड्या नव्हत्या. म्हादू दुसऱ्या दिवशी भर उन्हात चालत कचेरीत आला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, काखेत तक्त्यांच्या नकला. शिपायाने अडवलं तर त्याला बाजूला सारून तो सरळ आत शिरला. साहेबाला त्याने समजावून सांगितलं, आधी शांतपणे, पोराला गणित सांगावं तसं. रुपया तोच, साहेब, तांदूळ कमी येतोय. साहेबाचा चेहरा लाल झाला. त्याला कळलं होतं! माझी खात्री आहे की त्याला त्या क्षणी कळलं होतं. पण चूक कबूल करायची तर यादी बदला, वरच्या साहेबाला लिहा, हसू करून घ्या… त्याने तक्ता म्हादूपुढे आपटला आणि म्हणाला, आकडे संदिग्ध भरलेत, दोष भरणाऱ्याचा. तेव्हा म्हादू माझ्याकडे वळला. मी दाराशी फाइल घेऊन उभा होतो. "अरे केशव, तू सांग ना. दहा वर्षं आपण याच रीतीनं लिवतो का नाय?" साहेबानेही माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "मला माहीत नाही, साहेब."

म्हादू ओरडला नाही. इतका तोंडाळ माणूस, पण माझ्याकडे एकदा बघितलं, कागद गोळा केले आणि निघून गेला. आठ दिवसांत त्याच्याकडून भाव टिपायचं काम काढून घेतलं. वर अर्ज करायला त्याने दोन कागद लिहिले, ते आमच्याच कचेरीत परत आले. मग पाऊस लागला, नदी भरली आणि वाड्यांचा रस्ता बंद झाला. माणसांनी रानातले कडू कंद रात्रभर पाण्यात घालून, उकडून खाल्ले. श्रावण सरेपर्यंत वाड्यांवर सात माणसं दगावली. दुकान उघडलं ते दिवाळीनंतर, खळ्यावर नवं भात आल्यावर. मी त्याच्या आधीच कायम झालो होतो. म्हादू पुढे त्या वाड्यांवर गेला तेव्हा त्याला कुणी बस म्हटलं नाही. त्याने गाव अडवून ठेवला आणि दुकान आणलं नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. साहेब चुकला, केशव खोटं बोलला, हे सांगायला त्याला किती वेळ लागला असता? पण नाही सांगितलं. बायकोने विचारलं तर म्हणे एवढंच म्हणाला, शब्द माझा होता. अरे, कसला शब्द! या एका गोष्टीसाठी मी त्याच्यावर अजून चिडलेला आहे. त्याने गावभर माझं नाव घेतलं असतं तर मला दोन शिव्या खाऊन मोकळं होता आलं असतं.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात मी त्यांतल्या एका वाडीवर गेलो. पहिल्यांदाच गेलो. ठमाबाय म्हणून एक म्हातारी आहे, तिचा नवरा आणि सून त्या पावसात गेली. तिच्या अंगणात उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं, आठाचे साडेसहा कसे झाले इथपासून. आजूबाजूच्या बाया जमल्या. तिला रीत समजावून सांगावी लागली नाही. रुपयाला चार शेर म्हणजे उपास, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. सगळं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता सांगतोस? मास्तर जिता होता तवा तुजा तोंड कुठं होता?" तिने अंगणाकडे हात केला. "आमी त्याला पाणी नाय विचारला रे. या अंगणात उभा ऱ्हायला, नि आमी दार लावून घेतला. आता ता पाणी कोणाला देऊ, तुला?" मी जायला वळलो तर तिने हाक मारली. "तो समदा लिवून ठेवायचा. तू पण लिव. आमाला वाचता येत नाय, तरी लिव, नि हितं येऊन मोठ्यानं वाच. सायबाचा नाव नसला तरी चालल. तुजा नाव टाक."

म्हणून हे लिहिलं. छापून आलं की घेऊन जाणार आहे, ठमाबायच्या अंगणात वाचायला. चूक म्हादू मास्तरची नव्हती, त्याचा एकही आकडा चुकीचा नव्हता. मी केशव, त्या कचेरीतला तेव्हाचा हंगामी कारकून. मला माहीत होतं.