नवमीले बंद केलेली मशीन

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, पोराले नाही, आणि जिले सांगायले पाहिजे होतं त्या सुनेले तर नाहीच. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, अक्षर वाकडं येते. तरी लिहून राहिलो. तोंडानं सांगायची हिंमत नाही म्हणून — दुसरं काय?

अकोल्यात माझं लेथचं वर्कशॉप आहे. सून नीलिमा अमरावतीची, कॉम्प्युटर शिकलेली. तिनं आणि तिच्यासंगं शिकलेल्या इरफाननं — गादीवाल्याचा पोरगा, घरातल्यासारखाच — मिळून एक ॲप बनवलं. डायलिसिसच्या पेशंटनं घरूनच गाडी बोलवायची. तेल्हाऱ्याची बाई फोनवर बोट ठेवते, जवळचा गाडीवाला दारात येते. एकदाच लिहिलं का अँड्रॉइडमध्येही चालते आणि आयफोनमध्येही, असं नीलिमा सांगे.

मी विचारलं, मग हा डबा कशाले? वर्कशॉपच्या कोपऱ्यात, इन्व्हर्टरजवळ तिनं एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता. तर म्हणे, "मामाजी, फोनात दिसते ते नुसतं काउंटर. गोडाऊन इथं आहे. कोणाले गाडी पाहिजे, कोणती मोकळी, सारं याच्यात. हा बंद तर सारे फोन मुके. याले कधीच बंद करू नका."

ऐकलं मी. नीट ऐकलं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही मले.

मग खंडेनवमी आली. आमच्या वर्कशॉपात त्या दिवशी एक मशीन फिरत नाही. धुवायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसावा. वडिलांपासूनचा नेम. साऱ्या मशिनी गप झाल्या, आणि कोपऱ्यातून त्या डब्याचा पंखा घुर्रर्र करून राहिला. माझ्या वर्कशॉपात, नवमीले!

त्याच दिवशी नीलिमा अमरावतीच्या एका दवाखान्यात ॲप दाखवायले गेली होती. मोठे डॉक्टर बसणार होते, पटलं तर आपल्या साऱ्या पेशंटसाठी हेच घेणार होते. हे मले माहीत नव्हतं का? सकाळी माझ्या पाया पडूनच निघाली ना! तरी मी बटण दाबलं. माझ्याच जागेत मले हुकूम सोडते? — हे होतं मनात. पंखा थांबला. डब्याले कुंकवाचं बोट लावलं. बरं वाटलं, खोटं कशाले बोलू.

दुपारच्या आधी फोन. "मामाजी, डब्याचा लाइट चालू आहे का, पाहा ना लवकर." फोनात तिच्या मागून कोणीतरी हसलं. मी धावलो, बटण दाबलं, लाइट लागला, आणि म्हणालो — "चालू आहे."

खोटं होतं का हे? त्या घडीले तर चालू होता. पण आतला प्रोग्राम आपोआप सुरू होत नाही, हातानं करावा लागते, हे मले मागाहून कळलं. तिथं तिच्या फोनावर नुसतं चाक फिरत राहिलं. डॉक्टर उठून गेले.

इथवर हट्टच म्हणता आला असता. पुढचं काय म्हणू?

संध्याकाळी ती आली, इरफानही आला. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि हळूच म्हणाला, "नीलिमा, मशीन सकाळी बंद झाली होती. इथं दिसून राहिलं."

ती माझ्याकडं वळली. "मामाजी, तुमी बंद केलं होतं?"

कुंकू मी केव्हाच पुसलं होतं. म्हणालो, "मी कशाले बंद करू? काल संध्याकाळी इथं हाच बसला होता. काय खुडबुड केली, याले विचार. त्यानंच बंद-चालू झाला असंन."

बसला होता, हे खरं. तिनंच सांगितलेलं काम करत होता, हेही खरं — आणि ते मी पाहिलं होतं. माझ्या शब्दाले घरात वजन आहे. तेच मी त्या पोरावर ठेवलं.

"चुकलं तर चुकलं म्हण ना इरफान," नीलिमा म्हणाली, "मशीनवर कशाले ढकलतो?"

तो डब्याकडं वळला. डब्याच्या जाळीत कुंकवाचे कण अडकले होते. ते त्यानं बोटानं पुसले, बोट पँटले पुसलं. त्याले कळलं होतं. "येतो काकाजी," एवढंच म्हणाला आणि गेला.

पुन्हा आला नाही. एकटीनं नीलिमाले ॲप पेललं नाही. तेल्हाऱ्याची ती बाई आता पुन्हा एसटीनं येते, उभी राहून. नीलिमा एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसते. इरफान रस्त्यात भेटला का गाडी थांबवून मले सलाम करते. मीही हात वर करतो.

डबा मी बंद केला होता. जाणून. इरफाननं काही केलं नव्हतं.

परवा नीलिमा चहा घेऊन आली. जुनी गोष्ट निघाली तर म्हणाली, "मामाजी, तुमी होते म्हणून खरं कळलं. नाही तर मी त्याच्यावरच भरवसा ठेवून बसली असती."

मी चहा पीत होतो. पीत राहिलो.