कौल मिळाला नाही तेव्हा

गावदेवीवर मी एवढी कधीच संतापले नव्हते. माझी एक किडनी लहानपणापासून सुकलेली, कामाची नाही. दुसरीवर कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा मुंबईच्या सर्जनबाईंनी तेवढी गाठ काढून किडनी वाचवली. दहिवलीला परतले, देवीची ओटी भरली आणि शिमग्याला दवाखान्याचे सगळे कागद होळीत टाकले. घरात दुखण्याची आठवण नको, हे माझंच शहाणपण.

तीन महिन्यांनी कुशीत अशी कळ आली की भिंत धरून खालीच बसले. कर्जतच्या डॉक्टरांनी स्कॅन करवला. त्याच जागी गोळा दिसत होता. त्यांनी जुने कागद मागितले, तर मी म्हटलं, हरवले. खरं सांगायची लाज वाटली. ते हळूच म्हणाले, "गाठ परत आली असेल तर किडनी काढावी लागेल." म्हणजे पुढचं आयुष्य डायलिसिसवर! मुंबईला दाखवून या, असंही ते म्हणाले, पण ते माझ्या कानात शिरलंच नाही.

तिथून तडक देवळात गेले. गुरवीणकाकींनी कौलासाठी देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर किडनी काढायची, डावी पडली तर नाही. तासभर हात जोडून बसले, एकही हलेना. माझा तोल सुटला. "आई, आता तूही तोंड फिरवलंस? इतकी वर्षं काय दगडाला पुजत होते?" बोलले आणि ढसाढसा रडले.

काकींनी पाठीवरून हात फिरवला. "अगं, देवी काय डाक्टर हाय? जिनं कापलं तिला इचारलंस का?"

"नाय."

"मग आधी तिच्याकडं जा गं. आई हाय पाठीशी."

दुसऱ्याच दिवशी मुंबई गाठली आणि होळीचं खरं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत, त्यांच्याकडे नोंद होतीच. कापलेल्या जागेचं रक्त थांबावं म्हणून त्यांनी औषधी गोंद लावला होता. तो बहुधा विरघळतो, पण कधीकधी राहतो आणि स्कॅनमध्ये गाठीसारखा दिसतो. त्याचाच तुकडा सुटून लघवीच्या नळीत अडकला असावा, म्हणून ती कळ, आणि तसाच राहिला तर किडनी निकामी होईल, असं त्या म्हणाल्या. त्या 'असावा'वर माझा जीव टांगला होता. दुर्बिणीने तुकडा काढून तपासायला पाठवला. ते चार दिवस मी देवीकडे काहीच मागितलं नाही. नुसतं म्हटलं, तू ठेवशील तशी राहीन. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, गोंदच होता. उरलेल्यावर लक्ष ठेवायला अधूनमधून स्कॅन करायचा, एवढंच.

हा चमत्कार का, मला ठाऊक नाही. पाकळ्या ओल्या होत्या म्हणूनही चिकटल्या असतील. पण उजवी पडती तर मी हाय खाल्ली असती, आणि डावी पडती तर घरीच बसून किडनी घालवली असती. आईने दोन्हीतून वाचवलं. आता देवळात गेले की मागणं सुचतच नाही. आणि खरं सांगू, सकाळी लघवी मोकळी झाली तरी माझे हात आपोआप जोडले जातात. हसू नका, ज्याला एकच किडनी आहे त्याला विचारा.